खोडलेला चौथा मुद्दा

आमच्या मेडिसिन विभागात मंजूर जागा भरपूर आहेत आणि माणसं तीन. विभागप्रमुख सर, मी, आणि माजरीची एक तरुण लेक्चरर मॅडम, जिचे वडील कोळशाच्या खाणीत होते. बाकीच्या खुर्च्यांवर फायली बसतात. सकाळी वॉर्डाचा राऊंड, मग ओपीडी, दुपारी लेक्चर, आणि उरलेल्या वेळात लॉगबुकं. ही लॉगबुकं म्हणजे काय ताप आहे ते तपासणाऱ्यालाच ठाऊक. कोणता रुग्ण पाहिला, त्यातून काय शिकलो, मनाला काय वाटलं, हे पोरांनी लिहायचं, आणि त्यांना जे वाटलं त्यावर आपल्याला काय वाटलं, हे आपण लिहायचं. शंभर पोरं, बाप्पा! मला तर काहीच वाटत नसे. मी 'चांगला प्रयत्न' लिहून सही ठोकत असे आणि पुढचं पुस्तक ओढत असे.

काही न वाटणं हे माझं जुनं आहे. दाढ काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, मग गाल आपला की दुसऱ्याचा ते कळत नाही, तसं. वॉर्डात माणूस गेला तर मी घड्याळ बघतो, कागद भरतो आणि चहाला जातो. घरी बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा आपली पाण्याची टाकी बरी. भरली तर आवाज तरी करते." मी हसतो. अशा वेळी हसायचं असतं, एवढं मला कळतं.

तर मागच्या वर्षी मॅडमनं ते एआय आणलं. स्लाईडी, एमसीक्यू, प्रश्नपत्रिका, उत्तराची की, लॉगबुकातला अभिप्राय, वर पेपरही तपासून देते म्हणे. विभागप्रमुख सरांनी चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारला, "इन्स्पेक्शनवाल्यांना चालते का?"

"चालते न सर. सही तं आपलीच राह्यते," मॅडम म्हणाली.

"मग करा सुरू."

मी आठवडाभर नाक मुरडलं. मी फळ्यावर खडूनं शिकवणारा माणूस, माझ्या हाताखालून बावीस बॅचेस गेल्या, मला कोण शिकवणार, वगैरे. मग एका दुपारी त्यानं चाळीस लॉगबुकांचे अभिप्राय चहा निवायच्या आत लिहून दिले. प्रत्येक पोराला वेगळा, मायेनं लिहिलेला. मी स्वतःहून इतकं गोड कधीच कोणाला लिहिलं नसतं. नवव्या दिवशी मी पुरता शरण गेलो. वाचलेल्या वेळात काय केलं म्हणाल तर काही नाही, खिडकीतून पार्किंगमधला कडुनिंब बघत बसलो.

पोरांना मी खरं एकच शिकवतो, असं मला वाटतं. रुग्णाजवळ गेलात की आधी नाव विचारा. मग वय, मग गाव, मग काय होते ते. नाव न विचारता पोटाला हात लावणारा पोरगा दिसला की मी वॉर्डात सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्यानं करतो. "बैल तपासून राह्यला का बे?" असं एकदा एकाला म्हणालो होतो. तो अजून मला बघून रस्ता बदलतो.

फायनलच्या पोरांची इंटर्नल परीक्षा आली. या इंटर्नलमध्ये निम्मे मार्क नसले तर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसता येत नाही, पोरगं सहा महिने मागं पडतं. पेपरात दहा मार्कांचा एक प्रश्न मी दरवर्षी घालतो, सर्पदंशाची लक्षणं आणि उपचार. इकडे पोस्टिंग झालेल्या डॉक्टरला दुसरं काही नाही आलं तरी हे आलंच पाहिजे. त्याची की, म्हणजे मार्क द्यायचे मुद्दे, करायला मी मशीनला सांगितलं. त्यानं अडीच पानं काढून दिली, अकरा मुद्दे. अडीच पानांची की कोणी ठेवते का? मी वरून खाली आलो, तीन मुद्द्यांवर काट मारली, आठ ठेवले. पान भरलं. मान्य केलं.

पेपर झाले, बाबूनं उत्तरपत्रिका स्कॅन केल्या. मशीन अक्षर वाचते, कीशी ताडते, मार्क लावते आणि खाली शेरा देते. मग मास्तरानं एकेक पेपर उघडून बघायचा आणि 'मान्य' दाबायचं, अशी रीत. पण तिथंच खाली एक बटण आहे, 'सर्व मान्य'. मी चार पेपर बघितले. ठीक होते. पाचव्याला खालचं बटण दाबलं. शंभर उत्तरपत्रिका तपासायला आम्हाला आधी पंधरा दिवस लागायचे. त्या दिवशी मी जेवायला घरी वेळेवर गेलो, बायकोनं घड्याळाकडे पाहिलं.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी माझ्या केबिनच्या दाराशी उभी राहिली. एटापल्लीच्या आतल्या गावची. तिसऱ्या बाकावर बसायची, तोंडातून शब्द काढायची नाही. पण नाडी धरायची तेव्हा बघत राहावं. रुग्णाचं मनगट असं धरायची की तो माणूस आपोआप बोलायला लागायचा. ती चार मार्कांनी गेली होती.

"सर, मले माहा पेपर पाहाचा हाये."

"आता पाहून काय होणार आहे?" मी वैतागलो. यादी लागल्यावर असे दहा येतात.

"काई नाई होणार. पन पाहून जातो."

"जातो म्हणजे? कुठं?"

"घरी. सहा महिने होस्टेलात ठेवत नाई न सर. घरी गेली का मंग वापस येणं होते का नाई, मले भरोसा नाई. घरचे पोरगा पाहून राह्यले." हे तिनं न रडता सांगितलं. एखाद्या केसची हिस्टरी सांगावी तसं सांगितलं. "एका सवालात दहापैकी दोनच हायेत. साप चावल्याच्या. तेच पाहाचं हाये."

मी पेपर उघडला. खरं सांगतो, तिला लवकर घालवायचं म्हणून उघडला.

इंग्रजी मोडकं होतं. क्रियापदं एकीकडे, कर्ते दुसरीकडे. पण मजकूर असा होता: आमच्या भागात मण्यार चावते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते. नंतर पापण्या पडतात, जीभ जड होते. माणूस प्यायलेला दिसतो. तो प्यायलेला नसतो. त्याला घरी पाठवू नये. पुढं विषावरचं औषध, श्वास थांबला तर काय करायचं, ट्यूब, अंबू बॅग, सगळं क्रमानं. बोट ठेवायला जागा नव्हती. खाली मशीनचा शेरा होता: कीमधील मुद्द्यांशी जुळत नाही. सूज व वेदना यांचा उल्लेख नाही. विद्यार्थिनीने वैयक्तिक अनुभव आणि शास्त्रीय उत्तर यांत फरक करावा.

मी 'तो प्यायलेला नसतो' हे वाक्य परत वाचलं. हात गार पडले होते. चंद्रपुरात, एप्रिलात.

"हे कुठून लिहिलंस?"

"माह्या मोठ्या बापाले, बाबाच्या मोठ्या भावाले, चावली होती सर, मी बारावीत होती तवा. दवाखान्यात नेलं तं म्हणले, पिऊन हाये, उतरली का आणा. तो तं माळकरी होता."

"कोणता दवाखाना?" मी लगेच विचारलं.

तिनं गाव सांगितलं. पार सिरोंच्याकडचं, मोठा बाप तिकडं राहायचा म्हणे, आणि तिथं मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही. सालही जुळत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याची इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघू शकलो नाही. "पेपर परत बघतो," म्हणालो. "घरी जाऊ नको. दोन-चार दिवस थांब." ती गेली.

आता ते सांगतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मी बाँडवर, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत होतो, एटापल्लीच्याही पलीकडे, एका आरोग्य केंद्रात. माझं मूळ गाव सिंदेवाहीकडचं, आमच्या घरी धान, त्यामुळं रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत माणसं बांधावरच्या झोपडीत जमिनीवर झोपतात हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मी स्वतः झोपलो आहे. अशाच दिवसांत एका सकाळी खाटेवर घालून एका माणसाला आणलं. सोबत त्याचा भाऊ. पोट दुखते, उलटी झाली. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही. डोळे अर्धे मिटलेले, बोलताना जीभ अडखळते. मी त्याच्या तोंडाशी वाकून वास घेतला. मोहाच्या दारूचा वास आला, असं मला वाटलं. तो वास भावाच्या अंगाचा असेल, खोलीचा असेल, माझ्या डोक्यातला असेल.

भाऊ म्हणाला, "साहेब, तो पेत नाई."

मी म्हणालो, "सगळे असंच सांगतात."

बाहेर पंचवीस-तीस माणसं रांगेत होती. मी अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, दोन गोळ्या दिल्या, झोपू द्या म्हणालो. उतरल्यावर बरं वाटेल म्हणालो. त्यांनी खाट उचलली.

संध्याकाळी भाऊ परत आला. एकटाच. "साहेब, कागद पाह्यजे," म्हणाला. मृत्यूचा दाखला. घरी पोचायच्या आतच श्वास थांबला होता. झोपडीतल्या चटईखाली साप निघाला, काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, हेही त्यानं सांगितलं, जाता जाता सांगावं तसं. मी दाखला लिहिला. कारणाच्या रकान्यात 'हृदयक्रिया बंद पडून' लिहिलं. हे कोणत्याही मेलेल्या माणसाबद्दल लिहिता येतं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली, हात जोडले आणि गेला. त्यानं माझी कॉलर धरली असती तर मी आज वेगळा माणूस असतो, असं मी खूपदा मनाशी म्हणून बघितलं आहे. हे मी कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. नंतर पीजी केलं, मास्तर झालो, आणि दरवर्षी पेपरात सर्पदंशाचा प्रश्न घालत गेलो.

तर मुलगी गेल्यावर मी तडक मॅडमच्या टेबलाशी गेलो आणि तोंडाचा पट्टा सोडला. "काय आणून ठेवलं हो हे तुम्ही? तुमच्या त्या मशीनला मण्यार माहीत नाही! इथं बसून पेपर तपासते आणि सुजेचे मार्क वाटते! एका पोरीचं वाटोळं करत होतं ते! आपल्या भागात काय चावते हे त्याला कोण सांगणार? खाणीतून कोळसा उपसता तसं उपसून आणलं आणि टाकलं आमच्या डोक्यावर!" बाबू उठून बाहेर गेला. शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

मॅडमनं कीची फाईल उघडली, बाजूला एक बटण दाबलं, आणि जुनी अडीच पानं समोर आली. ते मशीन काहीच फेकत नाही म्हणे, काटलेलंही सांभाळून ठेवते. चौथा मुद्दा: मण्यार. खूण व सूज नसणे, पहाटेची पोटदुखी, पापण्या पडणे, बोलणे अडखळणे. मद्यपानाशी गल्लत होण्याची शक्यता. अशा रुग्णास घरी पाठवू नये. सगळ्यावर करडी रेघ ओढलेली होती आणि बाजूला माझं नाव आणि वेळ होती.

"सर, त्यानं लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "हे तुमच्याकडून निघालं."

मी माझ्या नावाशेजारची वेळ परत वाचली.

"लांब झालं असंल की हो," तीच म्हणाली. मला सोडवायला म्हणाली ते. मी तिच्या बापाची खाण काढली होती आणि ती मला सोडवत होती.

"हो. लांब झालं होतं," मी म्हणालो.

लांब बाकीचे दोन होते. हा चौथा मुद्दा चार ओळींचा होता. मी तो वाचला होता, पूर्ण वाचला होता, आणि वाचताना मला काहीच वाटलं नव्हतं. नुसता हात गेला. मी मॅडमची माफी मागितली, खाणीच्या वाक्याबद्दल. ती म्हणाली, "जाऊ द्या न सर." पण दोन दिवस तिनं माझ्यासोबत चहा घेतला नाही, आणि ते बरोबरच होतं.

विभागप्रमुख सरांना मी सांगितलं की कीत चूक आहे, ती माझी आहे, आणि मी पेपर न बघता सगळे मान्य केले आहेत. त्यांनी दार लावायला सांगितलं. "एका पोरीसाठी एवढं काय घेऊन बसलात? चार मार्क ग्रेस देऊन टाका. मी सही करतो. संपला विषय."

"ग्रेस नको सर. तिचं उत्तर बरोबर आहे."

"अहो, पास झाल्याशी मतलब आहे न तिला?"

"तिला असेल. मला शंभर पेपर परत तपासायचे आहेत. हातानं."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बहुतेक तब्येत विचारणार होते. मग म्हणाले, "ओपीडी सोडून करा काय करायचं ते."

ओपीडी सुटणार कुठून? दुपारची लेक्चरं मॅडमनं घेतली, न सांगता घेतली, आणि मी सहा दिवस त्या उत्तरपत्रिका घेऊन बसलो. लाल पेन, उजव्या खांद्यात कळ. शंभरातल्या जवळपास सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. खूण, सूज, वेदना. एकाच नोट्समधून आलेली तीच वाक्यं. मण्यार तिघांनी नुसती नावापुरती लिहिली होती. प्यायल्यासारखा दिसतो, हे एकीनंच. ही सगळी पोरं पुढच्या वर्षी इंटर्न होणार, मग बाँडवर जाणार, आणि खाटेवर घालून आणलेल्या माणसाच्या तोंडाशी वाकणार. सहाव्या दिवशी शेवटच्या पेपरावर सही केली. मला वाटलं होतं की आता काहीतरी वाटेल. भीती वाटली, एवढं खरं.

नवी यादी लागली. तिला दहापैकी नऊ, आणि बाकीचे जसेच्या तसे. ती पास झाली. ऑफिसनं तिचा फॉर्म घेतला. संध्याकाळची ओपीडी संपल्यावर ती केबिनमध्ये आली, हात जोडले.

"लय उपकार झाले सर."

"उपकार नाही. तुझे मार्क होते."

"आता पक्कं पाठ केलं सर," ती म्हणाली. सहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "खून, सुजन, दर्द. युनिव्हर्सिटीच्या पेपरात तेच लिहीन. ते मोठ्या बापाचं नाई लिहीन."

मी पेन खाली ठेवलं. "काऊन? तू लिहिलेलं बरोबर होतं. म्हणून तर मार्क दिले."

"दया आली म्हणून देल्ले असंल, अशा मैत्रिणी म्हणत होत्या." मग तिनंच विचारलं, "बरोबर होतं तं मंग आधी काऊन काटलं सर?"

मशीननं काटलं, असं म्हणता आलं असतं. शंभर पोरं तेच समजून होती. विभागप्रमुखही बाहेर तेच सांगत होते, माझी अब्रू राखायला.

"मी काटलं," मी म्हणालो. "मशीननं तुझ्यासारखंच लिहिलं होतं. ते मी काढून टाकलं. बस. तुला सांगतो काऊन."

आणि मी तिला सांगितलं. खाट, पापण्या, वास, 'तो पेत नाई', 'सगळे असंच सांगतात', दाखला, हृदयक्रिया. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढलं, आणि तेही एका विद्यार्थिनीसमोर, जिच्या घरचा माणूस असाच गेला होता. सांगताना आवाज कापला नाही. केस सांगतो तसंच सांगितलं. ती मान थोडी वाकवून ऐकत होती, रुग्णाचं मनगट धरून ऐकते तशी. मी म्हणालो, "पेपरात तेच लिही. माणूस प्यायलेला दिसतो, तो प्यायलेला नसतो. मार्क कोणी काटले तर काटू दे. आणि दवाखान्यात बसशील तेव्हा..." पुढं काय बोलायचं होतं ते आठवत नाही.

मला वाटलं ती उठून जाईल, नाहीतर काही बोलेल, शिव्या देईल. तिनं तसं काहीच केलं नाही. बावीस वर्षं मी पोरांना जे आधी विचारायला शिकवतो, तेच तिनं विचारलं.

"नाव काय होतं सर त्याचं?"

मी स्वतःच्या हातानं दोनदा लिहिलं होतं ते. सकाळी रजिस्टरात आणि संध्याकाळी दाखल्यावर. तोंड उघडलं, आणि मला ते आठवलं नाही. ती वाट बघत बसून राहिली.